तीन मिनिटं

माझं काम सोपं : दिवे लावणं.
हिरवा, मग पिवळा, मग लाल.
बोलणाऱ्याचं वाक्य कुठे का लटकेना,
लाल लागला की मी घसा खाकरतो.
सतरा वर्षं नगरपालिकेत काढून
एवढं एक मला नीट जमतं.

ग्रंथालयाच्या तळघरात आज एकशेचाळीस खुर्च्या,
बाहेर उणे सव्वीस,
आणि टेबलावर पांढऱ्या फोमची तीन बसस्थानकं :
अ, ब आणि क.
अ ला पंख आहेत. रानहंसाचे म्हणे.
ब नुसतं काचेचं.
क म्हणजे अ आणि ब यांचं भांडण मिटावं म्हणून
जन्माला घातलेलं पोर.
तिन्हींत बोटाच्या पेराएवढी माणसं,
अंगात कोट नाही, हातात पिशवी नाही,
बसलेलं तर कुणीच नाही.
झाडांना मात्र भरगच्च पानं.

आर्किटेक्ट हारस्टाडबाई छान बोलल्या.
‘प्रकाश’ हा शब्द अकरा वेळा आला. मी मोजला.
मोजणं ही नोकरीतून लागलेली खोड.

मग रांग.
कोस्टिन्यूक, चौथ्या रस्त्यावरचा बेकरीवाला :
स्थानक हवंच, पण माझ्या दारात नको.
त्याचे आजोबा युक्रेनहून येऊन
पहिली भट्टी पेटवतात न पेटवतात
तोच लाल लागला.
आजोबा काडी हातात धरून तसेच राहिले.
एका सायकलवाल्या पोराला अ हवं होतं, पंखांशिवाय.
एका निवृत्त मास्तरणीनं विचारलं,
बाकांना मधे मधे ते लोखंडी हात कशाला?
सल्लागार म्हणाला, उठताना आधार म्हणून.
‘आडवं होता येऊ नये म्हणून,’
मागच्या रांगेतून व्हर्ना बिअरस्किन म्हणाल्या,
बसल्या जागेवरून, माइकशिवाय.
माइकशिवायचं नोंदवायचं नसतं.
मी नोंदवलं.

व्यासपीठावर सात जण.
सातही जणांच्या गाड्या बाहेर
विजेच्या वायरी लावून ऊब घेत उभ्या.
उंटावरून शेळ्या हाकायच्या
तर निदान उंट तरी गारठू नये.
हसू नका, आठवी गाडी माझी.

क्रमांक एकतीस. मारिसेल दागोहॉय.
मी नाव पुकारलं. पुन्हा पुकारलं.
तिसऱ्यांदा आडनावाचा उच्चार सुधारून.
चिठ्ठीवर विषयाच्या जागी, ठसठशीत अक्षरात :
शौचालय. आणि वारा कुठल्या दारातून येतो.
‘ती नऊ चाळीसला गेली,’ शेजारची बाई म्हणाली,
‘शेवटची असते ना.’
घड्याळात नऊ एक्कावन्न.

नियम असा की गैरहजर असेल तर पुढचं नाव.
मी हिरवा लावला.
मोकळ्या माइकसमोर
एकशेचाळीस खुर्च्या करकरायच्या थांबल्या.
गरम पाण्याचा पाइप कुठेतरी ठकठक करत होता.
अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं,
मी दिव्याकडे.
पिवळा.
हारस्टाडबाईंनी आपल्या पंखावरची धूळ
करंगळीनं पुसली.
लाल लागला
आणि घसा खाकरायला
मला काही कारण सापडेना.

पुढचं नाव मग घेतलंच. बत्तीस.
पार्किंगविषयी बोलला तो.

साडेदहाला मी तिन्ही स्थानकं खोक्यांत भरली.
क मधलं एक माणूस निखळून पडलं होतं,
ते कोटाच्या खिशात टाकलं, चिकटवू उद्या म्हणून.
घरी जाताना चौथा रस्ता लागतो.
तिथे हल्ली नुसता एक खांब आहे
आणि खांबावर पाटी.
दिव्याच्या झोतात दिसलं :
खांबाभोवती बर्फ गोल तुडवलेला,
कुणीतरी पाय बधिर होऊ नयेत म्हणून
फेऱ्या मारत राहिलेलं.
म्हणजे नऊ चाळीसची वेळेवर आली नव्हती.
मी गाडी हळू केली. काच खाली घेतली नाही.
फेऱ्या मोजल्या असत्या,
पण पावलांवर पावलं पडली होती.